अंग पुसलेली खडी

सकाळी 7:10

रात्री पाऊस झालाय हे गेटातूनच कळतं. खडीचा ढीग काळा दिसतो. कोरडा असला की राखाडी असतो आणि वर पिठासारखी धूळ. भिजला की बेसाल्टचा खरा रंग बाहेर येतो. नगर रस्त्याला वाघोलीच्या पुढे आमचा रेडीमिक्सचा प्लांट आहे. त्याच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली, तीच प्रयोगशाळा. मी तिथली क्वालिटी इंजिनिअर. हाताखाली एक मदतनीस, सगळा प्लांट त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही.

सोमवारपासून एका साइटची एकच तक्रार आहे: "मॅडम, माल घट्ट येतोय." एम 30 ग्रेडच्या काँक्रीटचा माल. प्लांटवरून निघताना स्लम्प, म्हणजे मालाचा ढिलेपणा, 150 मिलिमीटर, साइटवर पोचेपर्यंत 80. मिक्सिंगच्या पडद्यावर बसणाऱ्या बॅचरने ॲडमिक्श्चरला, म्हणजे मालात घालायच्या रसायनाला, दोष दिला, ॲडमिक्श्चरवाल्याने सिमेंटला, आणि सिमेंटवाला फोन उचलत नाही. खडीवर कुणी संशय घेतला नाही. दगडच तो, तो काय करणार? मंगळवारी टपरीवर लोडरवाला सहज बोलून गेला, की खाणीत गेल्या आठवड्यापासून नवा टप्पा लागलाय. मी अर्धा चहा तसाच ठेवला आणि मामांना ढिगावर पाठवलं.

आज गुरुवार. मंगळवारच्या नमुन्याचं उत्तर आज मिळेल. खडी किती पाणी पिते हे मोजायला तीन दिवस लागतात: एक दिवस ती पाण्यात, एक दिवस भट्टीत, तिसऱ्या दिवशी काट्यावर. त्यामुळे माझ्या खोलीत कुठल्याही सकाळी तीन नमुने तीन अवस्थांत असतात, आणि मी रोज परवाचं काम पुरं करत असते.

7:25

आधी आजची ओल. मामांनी ढिगाच्या वरचा थर बाजूला करून आतली खडी आणलीय, वरची नेहमी फसवते. शेगडी, लोखंडी कढई, उलथनं. आधी वाळू: एक किलो क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, कढईत टाकायची आणि हलवत राहायची. रवा भाजताना जसं हात थांबवून चालत नाही, तसंच. कोरडी झाली का हे बघायला मामा वर काचेचा तुकडा धरतात. काचेवर वाफ धरली नाही की गॅस बंद.

एक किलोची 943 ग्रॅम झाली. 57 भागिले 943, म्हणजे 6 टक्के ओल. खडीचं तसंच करून 1.9 टक्के.

या आकड्यांचा एकट्याने काही उपयोग नाही. वाळूत 6 टक्के पाणी आहे, पण त्यातलं किती तिच्या पोटात आहे आणि किती अंगावर? पोटातलं पाणी काँक्रीटच्या हिशोबात येत नाही, ते दगडाचं झालं. अंगावरचं मात्र थेट सिमेंटला जाऊन मिळतं. म्हणून आधी दगडाचं पोट केवढं ते माहीत हवं. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याला 'सॅच्युरेटेड सरफेस ड्राय' म्हणतात, बोलताना एसएसडी. नव्या पोरांना मामा त्यांच्या पद्धतीने सांगतात: "आंघोळ झाली, पाणी पिऊन झालं, अंग पुसलं. ती खडी."

8:00

पहिली गाडी. बॅचरच्या पडद्यावर आकडे टाकले: वाळूची ओल 6, तिचं शोषण 3.5, खडीची ओल 1.9, शोषण 1.1. हा 1.1 जानेवारीचा, जुन्या टप्प्याचा. आज बहुतेक शेवटचाच दिवस त्याचा.

10:00

आता खरं काम. काल दहाला पाण्यात सोडलेली बास्केट बाहेर काढायची. आयएस 2386, भाग 3 हे मानक 1963 चं आहे आणि अजून तेच चालतं. त्यात 24 तास, अधिक-उणे अर्धा तास, असं आहे. त्यामुळे मला दहा ते साडेदहा हा वेळ कुणालाच देता येत नाही. मीटिंगवाल्यांना हे पटायला दोन वर्षं गेली.

बास्केट म्हणजे तारेची जाळीदार टोपली. वजनकाट्याच्या पोटाखाली आकडा आहे, त्याला ती लटकते आणि खाली पाण्याच्या टाकीत बुडालेली असते, वर किमान पाच सेंटिमीटर पाणी राहील इतकी. पाणी 22 ते 32 अंशांमध्ये हवं. पुण्याच्या जानेवारीत सकाळचं पाणी त्याच्या खाली जातं, तेव्हा मामा किटलीभर ऊन पाणी ओततात. आज गरज नाही.

खडी पाण्यात घालताना बघण्यासारखी असते. बास्केट एक इंच उचलायची आणि सोडायची, सेकंदाला एकदा, पंचवीस वेळा. प्रत्येक आदळण्याबरोबर बुडबुडे निघतात. चांगल्या काळ्या पाषाणाचे थोडे आणि लवकर संपणारे. काल ही खडी घातली तेव्हा पंचवीस झाले तरी बारीक बुडबुड्यांची रांग चालूच होती. मामा म्हणाले, "ताई, ही सोड्यासारखी करतीय." नोंदवहीत अशा गोष्टींना रकाना नाही. मी समासात लिहून ठेवलं.

आज पुन्हा पंचवीस झटके दिले आणि पाण्यातलं वजन घेतलं. मग बास्केट वर काढून पाणी निथळू दिलं आणि खडी पंच्यावर ओतली.

पंच्याबद्दल थोडं सांगायला हवं. लॅबच्या सामानात आलेला टॉवेल नवा, जाड, रंगीत होता, आणि पाण्याला तो हात लावत नव्हता. कापड जुनं हवं, सुती हवं, पन्नासदा धुतलेलं हवं. मामांनी घरून दोन जुने पंचे आणले, तेव्हापासून ते लॅबचे झाले. एकावर खडी घोळवायची. तो ओला झाला, आणखी टिपेनासा झाला, की दुसऱ्यावर घ्यायची. रगडायचं नाही, टिपायचं. मग एकावर एक दगड येणार नाही अशी पसरायची, उन्हापासून लांब. कमीत कमी दहा मिनिटं. कधी तासही लागतो. पंखा बंद ठेवते, कारण पंख्याखाली एक बाजू वाळते आणि दुसरी ओली राहते.

आणि मग बघत बसायचं. सगळी चाचणी इथे आहे, बाकी नुसती वजनं.

पुसलेला दगड आधी चकाकतो. ट्यूबलाइट त्याच्या अंगावर दिसते. हळूहळू ती चकाकी विझते, पण दगड काळाच राहतो. हवा तो क्षण हाच: काळा, पण न चकाकणारा. आणखी थांबलात तर टोकाच्या कडा राखाडी व्हायला लागतात, म्हणजे दगडाच्या पोटातलं पाणी जायला लागलं आणि उशीर झाला. या दोन्हींच्या मध्ये काही मिनिटं असतात, आणि ती दाखवणारं यंत्र माझ्याकडे नाही. डोळे आहेत. माझे आणि मामांचे एकदम जुळले तर वजन घ्यायचं. नाही जुळले तर मामांचं ऐकायचं, हे मी अनुभवाने शिकले.

आजच्या खडीने दोघांनाही छळलं. काही दगडांना उघडे खड्डे आहेत, मसुरीएवढे. पंचा तिथे पोचत नाही. त्या खळग्यात थेंब चमकतोय, आणि बाजूची कड मात्र राखाडी होऊ घातलीय. हा थेंब पोटातला धरायचा की अंगावरचा? मानकात या खळग्याचं उत्तर नाही. मी पंच्याचं टोक पिळून टोकदार केलं आणि ते थेंब टिपून घेतले, एकेक. डोळ्यांना दिसतो तो थेंब अंगावरचा, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय, आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलंय, म्हणजे माझ्या जागी येणारा माणूस वेगळं ठरवणार असेल तर त्याला निदान माझं कळेल.

10:50 ला वजन घेतलं: 2041 ग्रॅम. याचं उत्तर उद्या.

मधल्या वेळात मामांनी आजचा नवा नमुना धुऊन पाण्यात सोडला, आणि मोकळी बास्केटही झटके देऊन तोलून घेतली. चिठ्ठीवर वेळ लिहिली.

11:20

भट्टीची अदलाबदल. कालपासून 105 अंशांवर असलेला मंगळवारचा नमुना बाहेर, बुधवारचा आत. मानक 100 ते 110 म्हणतं आणि इथेही 24 तास. गरम खडी लगेच काट्यावर ठेवायची नाही, आणि उघडी तर मुळीच ठेवायची नाही. पावसाळी हवेत ती परत पाणी ओढायला लागते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात गार होऊ द्यायची. डबा पापडाचा आहे. पापडालाही हाच धोका असतो, त्यामुळे बाजारात तो तयारच मिळाला.

12:30

कोरडं वजन 2004. काल, पुसल्यावर, 2037 होतं. फरक 33 ग्रॅम. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजलं तर तीन-साडेतीन टोपणं पाणी, दोन किलो दगडात. 33 भागिले 2004: 1.65 टक्के.

पाण्यातलं वजन बास्केट वजा जाता 1334, त्यावरून विशिष्ट गुरुत्व 2.85. ते ठीक आहे. रस्त्याच्या कामात खडीचं शोषण 2 टक्क्यांच्या आत मागतात, त्यातही ही बसते. म्हणजे खडी नापास नाही. पण पडद्यावर 1.1 लिहिलंय आणि दगड 1.65 पितोय.

तो अर्धा टक्का काय करतो बघा. आमच्या एका घनमीटर मालात 20 आणि 10 एमएम मिळून साधारण 1150 किलो कोरडी खडी आहे. तिचा 0.55 टक्का म्हणजे 6 लिटरच्या थोडं वर. सहा घनमीटरच्या गाडीत 38 लिटर, म्हणजे तीन कळशा पाणी. संगणक समजतो की हे पाणी खडीच्या अंगावर आहे, म्हणून तेवढं तो नळातून कमी सोडतो. प्रत्यक्षात ते खडीच्या पोटात आहे. माल घट्ट होणारच. पाऊस असो नाही तर ऊन, चूक एकाच दिशेने होत राहते.

गंमत अशी की असा माल कमजोर नसतो. उलट त्यात मोकळं पाणी कमी, म्हणजे ताकद किंचित जास्तच. तो कमजोर होतो तो साइटवर, बादलीने. पंप दम खातोय, मुकादम ओरडतोय, आणि कुणीतरी गाडीच्या ड्रममध्ये पाणी ओततं. किती, ते कुणी मोजत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव राहू द्या) मीच शोषणाचा आकडा दोन वर्षांपूर्वीच्या एका अहवालातून उचलला होता. वरिष्ठ म्हणाले, "खाण तीच आहे ना? मग टाक." मे महिना होता, खडी तव्यासारखी तापलेली. तिसऱ्या गाडीला पंपाची लाइन जाम झाली. चौथ्या गाडीत पाणी पडलं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी बाविसाव्या वर्षी कुणाला काय अडवणार? 28 दिवसांनी त्या गाडीचे क्यूब फोडले तेव्हा आकडे वाचवेनात. पुढे त्या स्लॅबमधून गाभे काढून तपासले. स्लॅब वाचला. ॲडमिक्श्चरवाल्याचं कंत्राट मात्र गेलं, त्याचा काहीही दोष नसताना. ते मला अजून खुपतं.

'खाण तीच' या वाक्यावर माझा विश्वास तेव्हापासून नाही. आपला दगड लाव्ह्याच्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेला. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, सछिद्र. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा. खाण खाली उतरत जाते तसा दगड बदलतो, ट्रक आणि चलन मात्र तेच राहतात. शोषणाचा आकडा टप्प्याचा असतो. खाणीचा नसतोच.

डब्यातली खडी मी परातीत ओतून बघितली. दर आठ-दहा दगडांमागे एकात पांढरे ठिपके. हे झिओलाइट, जुन्या बुडबुड्यांच्या पोकळीत भरलेले. याच वाघोलीच्या खाणींतून निघालेला निळा कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांकडे गेलाय, आणि सिन्नरला तर अशा दगडांचं 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. तिथे काचेत ठेवतात तो दगड माझ्याकडे आला की डोकेदुखी. झिओलाइट या नावाचा अर्थच 'उकळणारा दगड'. 1756 मध्ये क्रोनस्टेड या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने तो तापवला, तर त्यातून वाफ निघाली. म्हणजे माझ्या 33 ग्रॅमांमधलं थोडं पाणी छिद्रातलं नसून स्फटिकातलंही असू शकतं. शेऱ्यात तेही लिहिलं. आकडा मात्र 1.65 च लिहिला, कारण चाचणीने तोच दिलाय.

1:15

जेवण. आज संकष्टी, डब्यात साबुदाण्याची खिचडी.

1:40

पडद्यावरचं 1.1 बदलून 1.65 करायचं, म्हणून प्लांट मॅनेजरांच्या केबिनमध्ये. त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं, "मॅडम, पाणी वाढवताय तुम्ही. एम 30 आहे तो."

"सर, काँक्रीटचं पाणी तेवढंच आहे. 380 किलो सिमेंट-फ्लायॲशला 163 लिटर, त्यातलं एक लिटर हललेलं नाही. हे खडीच्या वाटचं आहे, आपण तिला कमी देत होतो."

"एका चाचणीवरून बदलायचं?"

हा प्रश्न रास्त होता आणि मला आवडला. एका नमुन्यावर कायमचा आकडा बदलू नये. म्हणून आज दुपारपुरता 1.65, दर गाडीचा स्लम्प प्लांटवर आणि साइटवर दोन्हीकडे, आणि उद्या दुसरा नमुना काय म्हणतो ते बघून कायमचं. त्यांनी मान हलवली. ॲडमिक्श्चरचा डोस वाढवायचा म्हणून त्यांनी लिहिलेला मेल अजून गेलेला नव्हता, तो त्यांनी तसाच राहू दिला.

2:30

वाळू. नदीची वाळू आमच्याकडे येणं कधीच बंद झालंय, आता सगळी क्रश सँड. तिचं अंग पुसता येत नाही. 500 ग्रॅममध्ये कण किती, आणि पंचा कुणाकुणाला लावणार? काल भिजत घातलेली परातीत निथळून घ्यायची, हलकी गरम हवा द्यायची आणि सतत हलवायची. मानक म्हणतं 'मोकळी वाहू लागेपर्यंत'. साबुदाणा भिजवलेल्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही: दाणा फुगलेला, पण एकाला एक चिकटत नाही. दुपारी डबा खाताना मला नेहमी हेच आठवतं, आणि खिचडी गोळा झाली असेल तर जास्तच.

आम्ही जोडीला शंकूही वापरतो. ही अमेरिकी पद्धत. पितळी साचा, वर 40, खाली 90, उंची 75 मिलिमीटर. त्यात वाळू भरून 340 ग्रॅमच्या ठोकणीने पंचवीस हलके ठोके, मग साचा सरळ वर. वाळू जशीच्या तशी उभी राहिली तर अजून अंगावर पाणी आहे. सगळीच ढासळली तर जास्त वाळली. थोडीशी बसली, तर झालं. नदीच्या वाळूला हे छान लागू पडायचं. क्रश सँडच्या कडा टोकदार आणि त्यात बारीक पूड. मानक तिला 75 मायक्रॉनखालची पूड 15 टक्क्यांपर्यंत चालवून घेतं, नदीच्या वाळूला फक्त 3. ही पूड शंकूला धरून ठेवते, वाळू कोरडी होऊनही तो उभाच. शंकूवर विसंबलं तर वाळू नको तितकी वाळते आणि शोषण खोटं कमी येतं. म्हणून मी शंकूकडे बघते आणि मूठही वळून बघते. मूठ उघडल्यावर गोळा मोडायला हवा आणि तळवा ओला व्हायला नको.

आजची तिसऱ्या शंकूला बसली. 500 ग्रॅम तोलून, बाटलीतलं वजन घेऊन, भट्टीत.

4:35

साइटचा फोन. मी उचलण्याआधी मामांनी देवाचं नाव घेतलं.

"मॅडम, आत्ताची गाडी बरी आहे. 120. ॲडमिक्श्चर बदललंत का?"

"नाही. खडीला पाणी पाजलं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो हसला. त्याला ते पटलं नसावं. चार दिवस शिव्या देऊन झाल्यावर दोषी दगड निघाला, हे कुणाला पटेल? मी त्याला एवढंच सांगितलं की गाडी घट्ट वाटली तर ड्रममध्ये पाणी ओतायच्या आधी मला फोन कर. तो हो म्हणाला. सोमवारी हो म्हणाला होता तसाच.

5:50

पंचे धुऊन दोरीवर टाकले. पावसात ते दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून आता दुसरी जोडी लागणार आहे. मामा म्हणतात शेजारच्या आजोबांकडे मागून बघतो. खरेदी विभागाकडे 'जुना पंचा, नग दोन' अशी मागणी पाठवायची हिंमत अजून झालेली नाही.

भट्टीवर चिठ्ठी: नमुना 2, आत 11:20, बाहेर उद्या 11:20. टाकीवर चिठ्ठी: नमुना 3, आत 10:15, बाहेर उद्या 10:15.

तुम्ही घर बांधत असाल आणि रेडीमिक्सचा माल घेत असाल, तर पुरवठादाराकडे खडीचा चाचणी अहवाल मागा. त्यात 'वॉटर ॲब्सॉर्प्शन' अशी एक ओळ असते. आकडा नाही समजला तरी चालेल, अहवालावरची तारीख वाचा. ती गेल्या वर्षीची असेल, तर नवा मागा.